गाडीच्या स्पीकरची जाळी: मापापासून मॅग्नेटपर्यंत

दारातला साडेसहा इंची स्पीकर बदलला की गाडं जाळीपाशी अडतं. कंपनीची जाळी बहुतेक हॅचबॅकमध्ये डोअर पॅडमध्येच, म्हणजे दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणात, ओतलेली असते. तिची भोकं बारीक असतात, बरीच नुसती नक्षीपुरती, आरपार नसतातच. नवा स्पीकर जुन्यापेक्षा उंच निघाला तर त्याची कड आतून पॅडला टेकते आणि गाणं वाजताना दार भणभणतं. मग लोक ओतलेली जाळी कापून काढतात आणि तिथे काय बसवायचं याचा विचार नंतर करतात. क्रम उलटा हवा. आधी माप, मग जाळी तयार करून हातात, आणि सगळ्यात शेवटी पॅडला करवत. जमलं तर भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचं जुनं पॅड मिळवा आणि काम त्याच्यावर करा. मूळ पॅड माळ्यावर ठेवून द्या, गाडी विकताना उपयोगी पडतं.

खाली एक जाळी पूर्ण बनवून दाखवली आहे: साडेसहा इंची स्पीकरसाठी एमडीएफची रिंग, त्यात पत्र्याची जाळी, वरून कापड किंवा रेक्झिन. ती जमली की डिकीतल्या सबवूफरची (खोल बेसचा मोठा स्पीकर, पुढे नुसता सब) जाळी जमते. फायबरग्लासचं काम त्यानंतर.

आधी अंतर

जाळीकडून तीन गोष्टी हव्या असतात. स्पीकरला लाथ लागू न देणं, आवाज न अडवणं आणि स्वतः आवाज न करणं. तिन्ही गोष्टी शेवटी मिलिमीटरवर येतात. पहिलं माप स्पीकरच्या सर्वांत उंच जागेपासून जाळीच्या पाठीपर्यंतचं. उंच जागा कधी कडेचं रबर असते, कधी मधली टोपी, तर कोॲक्सियलमध्ये, म्हणजे एकातच दोन स्पीकर असतात त्यात, मधल्या खांबावरचं ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर).

शंकू, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, किती पुढे येतो ते स्पीकरच्या माहितीपत्रकात एक्समॅक्स म्हणून दिलेलं असतं. आकडा एका बाजूचा आहे की दोन्ही बाजू मिळून, ते नीट वाचा. काही कंपन्या दोन्ही मिळून छापतात, तसं असेल तर निम्मा धरा. त्याची दीडपट करा, कारण जोराच्या बेसला शंकू कागदावरचा आकडा ओलांडतो. वर दारासाठी ३ मिमी आणि सबसाठी ७ मिमी मोकळीक ठेवा. एक्समॅक्स ४ मिमी असेल तर ६ अधिक ३, म्हणजे ९ मिमी. सबचा १२ असेल तर १८ अधिक ७, म्हणजे २५ मिमी. हे अंतर विश्रांतीच्या जागेपासून मोजायचं. ट्वीटर खांबावर असेल तर तो हलत नाही, त्याच्यावर ३-४ मिमी पुरतात.

पॅड लावल्यावर आत किती जागा उरते हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी घरातली कणीक घ्या. पोळीच्या गोळ्याएवढी घट्ट कणीक पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्पीकरच्या कडेवर, कागदाच्या टेपने दोन-तीन ठिकाणी चिकटवा. डोअर पॅड जागेवर दाबून बसवा, पुन्हा काढा. दबलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे स्पीकर आणि पॅडची पाठ यांतलं अंतर. शंकूवर कणीक दाबू नका, फक्त लोखंडी किंवा प्लास्टिकच्या कडेवर.

स्पीकरमागची खोली मोजताना काच पूर्ण खाली घ्या. वर असताना मागे भरपूर जागा दिसते आणि पहिल्यांदा काच उतरवली की ती मॅग्नेटवर आदळते. काच आणि मॅग्नेट यांत किमान १० मिमी हवेत.

पत्रा कोणता

दुकानात "जाळीचा पत्रा" म्हणून मागितलात तर मिळतो. त्यात भोकाचा व्यास आणि दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर, म्हणजे पिच, हे दोन आकडे विचारा. भोकं एकाआड एक, मधमाशीच्या पोळ्यासारखी असतील तर मोकळा भाग काढायचं गणित सोपं आहे: भोक भागिले पिच, त्याचा वर्ग, गुणिले ९१. ३ मिमी भोक आणि ५ मिमी पिच असेल तर जेमतेम ३३ टक्के मोकळं. तेच ३ मिमी भोक ४ पिचवर ५१ टक्के. ५ मिमी भोक ७ पिचवर ४६ टक्के. दिसायला तिन्ही जाळ्या सारख्याच "बारीक" वाटतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका.

नुसत्या बेससाठी ४० टक्के चालतात. मिडरेंज (मधल्या सुरांचा स्पीकर) आणि ट्वीटरला ५०च्या खाली जाऊ नका. १० किलोहर्ट्झच्या आवाजाची लांबी हवेत साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास असते, २० किलोहर्ट्झची पावणेदोन. त्यामुळे भोकांमधल्या पट्ट्या, पत्र्याची जाडी, रिंगची उभी कड हे सगळं वरच्या आवाजाला नडतं, बेसला त्याचं काही वाटत नाही. रिंग बसवल्यावर "आवाज दबला" अशी तक्रार असते तिथे सहसा मोकळा भाग कमी असतो किंवा ट्वीटर रिंगच्या विहिरीत खोल गेलेलं असतं.

जाडी दारासाठी १ मिमी एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा, दुकानात सीआरसीए म्हणतात तो पत्रा. ०.६ मिमी ॲल्युमिनियम हलकं आणि कापायला सोपं, पण झणझणतं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, लवकर गंजत नाही, मात्र त्यावर एच प्रायमर (गुळगुळीत धातूला धरणारा प्रायमर) न मारता रंग लावलात तर सालीसारखा निघतो. स्टेनलेस सुंदर दिसतं आणि ब्लेड खातं, पहिल्या कामाला नको. निओडायमियमच्या छोट्या ट्वीटरसमोर लोखंडी जाळी फार जवळ आली तर मॅग्नेट तिला ओढतो आणि ती थरथरते, तिथे ॲल्युमिनियम वापरा.

तयार पत्रा घ्यायचा की लेझरवर नक्षी कापून घ्यायची, हा नाशिकमध्ये नेहमीचा प्रश्न, कारण अंबड आणि सातपूरला शीट मेटलचं जॉबवर्क करणारे गाळे भरपूर आहेत. लेझरवाला कापलेल्या लांबीचे आणि भोक पाडण्याच्या वेळेचे पैसे लावतो. १५६ मिमी व्यासाच्या चकतीत ३ मिमी भोक ४ पिचवर घेतलं तर साधारण चौदाशे भोकं होतात, ५ मिमी ७ पिचवर साडेचारशे. चौदाशे भोकांची साधी जाळी लेझरवर कापून घेणं म्हणजे उगाच खर्च. लेझर घ्यायचा तो षटकोन, तिरप्या फटी किंवा एखादं चिन्ह हवं असेल तेव्हा. डीएक्सएफ (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगची) फाइल द्या, रेषा बंद असू द्या, एकावर एक दोन रेषा पडलेल्या नकोत (मशीन तीच जागा दोनदा कापतं), आणि दोन भोकांमधली पट्टी पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका. निघण्याआधी फोन करा, एमआयडीसीत सुट्टी रविवारीच असते असं नाही.

सामान

एका जोडीला, म्हणजे दोन दारांना, एवढं लागतं:

- १२ मिमी एमडीएफ, दीड फूट बाय दोन फूट. ६ मिमी एमडीएफ, एक फूट बाय दोन फूट
- जाळीचा पत्रा १ मिमी, एक फूट बाय दोन फूट (दोन चकत्या आणि एक बिघडवायला)
- ८ बाय ३ मिमीचे गोल निओडायमियम मॅग्नेट १२, तेवढेच सपाट डोक्याचे लोखंडी स्क्रू
- जाळीचं कापड किंवा रेक्झिन अर्धा मीटर
- कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, दोन नळ्यांचं इपॉक्सी, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची एक ट्यूब
- सँडिंग सीलर, ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर
- ३ मिमी जाडीची बंद पेशींची फोम टेप

सुताराचा पांढरा फेव्हिकॉल एमडीएफला एमडीएफ चिकटवायला उत्तम. रेक्झिनला तो चालत नाही, तिथे फेव्हिकॉलच्याच एसआर ९९८ सारखं रबरी ॲडहेसिव्ह हवं. चैत्र-वैशाखात काळ्या गाडीत डॅशबोर्डवर हात टेकवत नाही, अशा जागी हीटएक्ससारखं उष्णता सोसणारं घ्या. ग्लू गनच्या काड्या फक्त तात्पुरत्या पकडीला, उन्हाळ्यात त्या मऊ पडतात.

रिंगा

तीन रिंगा लागतात. तळाची ६ मिमी जाड, बाहेरचा व्यास २०५, आतला १४५. तिच्यावर चिकटणारी भिंत १२ मिमी जाड, बाहेरचा २०५, आतला १८५. या दोन मिळून झाली बैठक. तिच्यात बसणारी, काढता येणारी जाळीची रिंग १२ मिमी जाड, बाहेरचा १८१, आतला १४५. हे आकडे नमुन्याचे. तुमच्या स्पीकरचं रबर १४५च्या बाहेर जात असेल तर सगळे आकडे त्या प्रमाणात वाढवा. रबर झाकलं जाता कामा नये.

१८५च्या खळग्यात १८१ची रिंग का, तर कापडासाठी. रेक्झिन जवळपास १ मिमी जाड असतं. भिंतीला आतून ते लागलं की खळगा १८३ होतो. जाळीच्या रिंगवर अर्ध्या मिलिमीटरचं कापड चढलं की ती १८२ होते. उरला एक मिलिमीटर, म्हणजे बाजूला अर्धा-अर्धा. एवढाच हवा. नवखे लोक दोन्ही रिंगा कोऱ्या असताना घट्ट बसतात म्हणून खूष होतात आणि कापड चढवल्यावर हातोडी शोधतात. रिंगवरही रेक्झिनच चढवणार असाल तर ती १८० करा. कापण्याआधी तुमचं कापड व्हर्निअरने मोजा, चार पदरी घडी घालून मोजून चारने भागलं तर आकडा जास्त खरा येतो.

राउटर (लाकूड कोरायचं मशीन) आणि गोलाईची पट्टी असेल तर मध्ये खिळा ठोकून गोल फिरवायचं. ६ मिमीच्या बिटने १२ मिमी एमडीएफ एका दमात कापू नका, ४-४ मिमीचे तीन फेरे घ्या, नाहीतर बिट तापून कड जळते. बाहेरचा गोल कापताना खिळ्यापासून बिटच्या जवळच्या धारेपर्यंत मोजायचं. आतला कापताना लांबच्या धारेपर्यंत. हे चुकलं तर व्यासात १२ मिमीचा फरक पडतो. आणि बाहेरचा गोल आधी. आतला आधी कापलात तर खिळा ज्यात रोवलाय तोच तुकडा सुटतो. खाली टाकाऊ प्लाय ठेवा, त्याला दुहेरी टेपने एमडीएफ चिकटवा.

राउटर नाही? देवघराच्या आणि पार्टिशनच्या एमडीएफ जाळ्या कापणारे सीएनसीवाले आता गल्लोगल्ली आहेत. फाइल दिली तर तिन्ही रिंगा खाचेसकट कापून मिळतात आणि दोन्ही दारांच्या अगदी सारख्या येतात. फाइलमध्ये खाचेची खोली वेगळ्या रंगाने दाखवा आणि तोंडीही सांगा. जिगसॉनेही जमतं. रेषेच्या १ मिमी बाहेरून कापून पॉलिश पेपरने रेषेवर आणायचं. वेळ लागतो, बाकी काही अडत नाही.

जाळीच्या रिंगला पाठीमागून खाच हवी: आतल्या कडेने ६ मिमी रुंद, ८ मिमी खोल. समोर ४ मिमीची ओठासारखी कड उरते, तिच्यामागे पत्रा टेकतो. आता हिशेब पाहा. रिंगच्या पाठीपासून पत्र्याची पाठ ७ मिमी वर, खाली बैठकीचा ६ मिमी तळ, म्हणजे पॅडच्या पृष्ठभागापासून १३ मिमी. ९ मिमी हवे होते, तेव्हा स्पीकर पॅडच्या ४ मिमी वर डोकावत असला तरी ही रचना पुरते. त्याहून वर असेल तर तळ जाड करा.

कापून झाल्यावर सगळ्या कडांना सँडिंग सीलरचे दोन हात. एमडीएफची कापलेली कड स्पंजासारखी पाणी पिते, वरचा पृष्ठभाग त्यामानाने कमी. ही बैठक केबिनच्या बाजूला आहे म्हणून एमडीएफ चालतं. पॅडच्या आत, दाराच्या पत्र्यावर स्पीकर ज्या रिंगवर बसतो तिथे मात्र एमडीएफ लावू नका. दाराच्या आत पावसाचं पाणी येतंच, काचेच्या रबरातून उतरतं आणि दाराच्या बुडाच्या छिद्रांतून निघून जातं, रचनाच तशी आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या गाडीत एमडीएफची रिंग एका-दोन मोसमांत फुगते, स्क्रू सैल होतात आणि दोष स्पीकरला दिला जातो. तिथे एचडीपीई किंवा एबीएस प्लास्टिकची १२ मिमी जाड रिंग वापरा. बुडाची छिद्रं डॅम्पिंग शीटने (दाराची थरथर मारायला चिकटवतात ती) बुजवू नका.

पॅड सपाट नसेल तर? बहुतेक नसतंच. पॅडवर मास्किंग टेप पसरा, त्यावर मेणाच्या पॉलिशचा हात द्या. बैठकीच्या तळाला बॉडी फिलर लावा, पेंटर ज्याला लांबी म्हणतात ते, आणि पॅडवर हलकेच दाबून धरा. पंधरा-वीस मिनिटांनी ते घट्ट झालं की उचला. तळाला पॅडचा उंचसखलपणा जसाच्या तसा उतरलेला असतो. बाहेर आलेलं फिलर घासून टाका. मग बैठक पॅडच्या मागून चार स्क्रूंनी आवळा. पुढून स्क्रू नको, आणि स्क्रूची लांबी पॅडची जाडी अधिक १२ मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर टोक भिंतीतून बाहेर येतं.

पत्रा कापणं आणि रंग

चकतीचा व्यास १५६. खाच १५७ची आहे, १ मिमी रंगासाठी. पत्रा दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये सँडविचसारखा धरून जिगसॉला बारीक दातांचं धातूचं ब्लेड लावून कापा. १ मिमीचा पत्रा कात्रीनेही कापता येतो, मात्र कड लाटांसारखी होते आणि पुन्हा ठोकून सपाट करावी लागते. ग्राइंडरने कड निळी पडते. शेवटी कानस फिरवा. पंच केलेल्या पत्र्याची एक बाजू बोटाला गुळगुळीत लागते, दुसरी खरखरीत. गुळगुळीत बाजू समोर. दोन्ही दारांत भोकांच्या रांगा जमिनीला समांतर येतील अशी वरची खूण मार्करने आत्ताच करा. नंतर एका दारात रांगा तिरक्या दिसल्या की रोज खटकतं.

हे सगळं स्पीकरपासून लांब करा. स्पीकरचा मॅग्नेट लोखंडाचा चुरा ओढून घेतो. तो एकदा कॉइलच्या फटीत गेला की खरखर कायमची. वर्कबेंचवर स्पीकर उघडा ठेवून शेजारी कानस चालवणं हा नवे स्पीकर मारण्याचा हमखास मार्ग आहे. जागेवरच काही करावं लागलं तर स्पीकर काढून, गुंडाळून, दुसऱ्या खोलीत.

रंगाला दोन वाटा. पावडर कोटिंग टिकाऊ, पण पावडर भोकात बसते. थर ६० ते ८० मायक्रॉनचा धरला तरी प्रत्येक भोकाचा व्यास ०.१२ ते ०.१६ मिमीने कमी होतो. ३ मिमीच्या भोकाला फरक पडत नाही, १ मिमीच्या भोकाचा मोकळा भाग पाचव्या हिश्शाहून जास्त घटू शकतो. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, म्हणून फक्त पत्रा द्यायचा. एमडीएफ, सीलंट, मॅग्नेट लावलेलं काही नाही. दोन चकत्यांसाठी कोणी वेगळा रंग भरत नाही. मॅट काळा सांगा आणि त्यांच्या काळ्याच्या लॉटबरोबर टाकायला द्या. टांगायला कडेच्या भोकातून तार जाते, तिथे रंग लागत नाही, तो भाग खाचेत लपतो.

घरी करायचं तर थिनरने तेल पुसून प्रायमर, मग मॅट काळा स्प्रे. फवारा समोरून नाही, तिरका मारा, चार बाजूंनी चार हलके हात. समोरून जाड हात मारला की भोकांत पडदे धरतात. धरलेच तर रंग ओला असताना पाठीमागून हवा मारा. श्रावणातल्या दमट दुपारी स्प्रे पांढरट पडतो, ऊन पडलेला दिवस बघा.

वाळल्यावर खाचेत पीयू सीलंटची पातळ वात फिरवा, पत्रा दाबून बसवा, मागूनही कडेला एक वात. पीयू का, तर ते वाळल्यावरही रबरासारखं राहतं, पत्र्याची झणझण गिळतं. नुसते स्क्रू किंवा इपॉक्सी लावलेली जाळी एखाद्या सुरावर गुणगुणते. एक दिवस हात लावू नका.

कापड

सगळ्यांनाच उघडा पत्रा आवडत नाही. कापड लावायचं असेल तर त्याची परीक्षा तोंडाने: कापड ओठांवर धरून फुंका. पलीकडे धरलेल्या हाताला वारा सहज लागला पाहिजे. नाशिकच्या मेन रोडवर पडद्याचं आणि ड्रेसचं कापड छान मिळतं, पण विणीत जाड असलं किंवा मागे अस्तर असलं तर वरचा आवाज खातं. चारही दिशांना ताणणारं विरळ विणीचं कापड घ्या. रेक्झिन फक्त रिंगवर, पत्र्यावर कधीच नाही.

ओठाच्या कडेला आधी पॉलिश पेपरने गोलाई द्या, नाहीतर कापड तिथेच फाटतं. कापड उलटं पसरा, रिंग त्यावर पालथी ठेवा, विणीची रेघ रिंगवरच्या वरच्या खुणेशी जुळवा. घड्याळाच्या बारावर एक पिन, मग सहावर, मग तीन आणि नऊ. त्यानंतर समोरासमोरच्या जागा. एका टोकापासून सलग ओढत गेलात की वीण फिरते आणि वर्तुळात भोवरा दिसतो. ओढायचं किती, तर सुरकुती जाईल एवढंच. स्टेपल ६ मिमी पायाचे. तेही ४ मिमीच्या ओठावर मारलात तर समोर डोकावतात, ते बाहेरच्या जाड भागावरच मारा.

रेक्झिनला ॲडहेसिव्ह दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. हाच वेळ लोक खातात. ओलसर असताना चिकटवलं की आत थिनरची वाफ अडकते आणि पहिल्या उन्हात फोड येतात.

मॅग्नेट

जाळीच्या रिंगच्या पाठीला, खाचेच्या बाहेर, १२ मिमी रुंद पट्टी उरली आहे. तिच्यात ८ मिमीची सहा भोकं, ३.२ मिमी खोल. मॅग्नेटची चकचकीत बाजू पॉलिश पेपरने ओरखडा, मग इपॉक्सी. गुळगुळीत निकेलवर काहीही नीट धरत नाही आणि जाळी ओढली की मॅग्नेट बैठकीला चिकटून राहतो. समोर बैठकीत मॅग्नेटऐवजी सपाट डोक्याचा लोखंडी स्क्रू लावा. उत्तर-दक्षिणचा घोळ मिटतो, शिवाय स्क्रू अर्धा फेरा आत-बाहेर करून पकड कमी-जास्त करता येते. स्टेनलेसचे बरेच स्क्रू मॅग्नेटला दाद देत नाहीत, दुकानातच लावून पाहा. साधे निओडायमियम मॅग्नेट ८० अंशांपुढे ताकद कायमची गमावतात. दारात ती वेळ येत नाही, मागच्या काचेखालच्या शेल्फवर येऊ शकते, तिथे क्लिप किंवा स्क्रू बरा.

रिंग आणि बैठक यांच्या मध्ये फोम टेपचे चार छोटे तुकडे लावून, ते दबल्यावर रिंग भिंतीशी सपाट येते का पाहा. जास्त वर राहिली तर मॅग्नेटची पकड निम्म्याहून कमी होते, मधल्या एका मिलिमीटरचाही फरक मोठा असतो. तेव्हा टेप पातळ करा.

आवाज शोधणं

फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या. २० ते ३०० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश चढवत न्या, गाडी बंद, काचा वर, आवाज मध्यम. कुठेतरी भण्ण होईल. तिथेच सूर थांबवा आणि बोटाने एकेक जागा दाबत जा: जाळीचा मध्य, कड, बैठक, पॅडचा खालचा कोपरा, काच चढवायच्या बटणांचं पॅनेल. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे दोष. पत्र्याचा मध्य दाबून थांबला तर पत्रा पातळ आहे किंवा सीलंट कुठे तुटलं आहे. कड दाबून थांबला तर फोम किंवा मॅग्नेट. दहात सहा वेळा मात्र जाळी निर्दोष निघते आणि दाराच्या आतली लॉकची दांडी किंवा वायरचा कनेक्टर वाजत असतो, त्यांना फोम गुंडाळा. मग गंगापूर रोडच्या गतिरोधकांवरून संगीत बंद ठेवून एक चक्कर. सुरात न सापडलेली खडखड तिथे सापडते.

डिकीतला सब

मिरवणुकीतल्या डीजेच्या पेट्यांना लागणारी तयार १२ इंची, १५ इंची फुगीर जाळी ऑडिओच्या दुकानांत मिळते, स्वस्तही पडते. ती तशीच कारच्या सबवर लावू नका. स्टेजचे वूफर थोडेसेच हलतात, त्यांच्या जाळीचा फुगवटा तेवढ्यापुरता असतो. कारच्या सबचा शंकू दुपटी-तिपटीने पुढे येतो आणि रबर जाळीवर आपटतं. आपटल्याचा आवाज "टक्" असा येतो, लोकांना वाटतं ॲम्प्लिफायर क्लिप होतोय, म्हणजे ताकदीबाहेर जाऊन आवाज कापतोय. तयार जाळी वापरायची तर खाली १८ मिमी एमडीएफची रिंग घालून उंच करा, आणि वरच्या हिशेबाने २५ मिमी भरतात का ते पाहा.

डिकीत द्राक्षांचे क्रेट किंवा कांद्याची गोणी टेकणार असेल तर १.६ मिमी पत्रा, मागून मध्यातून ६ मिमीच्या सळईचा एक आडवा आधार, आणि सळई व पत्रा यांच्यामध्ये फोम. सबची जाळी मॅग्नेटवर भागत नाही, हवेचा दाब तिला ढकलतो. पेटीच्या आतून एम५ टी-नट (लाकडात रुतणारे दातेरी नट) बसवून सहा स्क्रू लावा, स्क्रूखाली रबरी वॉशर. टी-नटच्या भोकातून हवा गळते, म्हणून जाळी काढलेली असतानाही स्क्रू आत लावून ठेवायचे.

फायबरचे पॉड

ट्वीटरसाठी वळणदार पॉड, म्हणजे त्याला धरणारं छोटं घर, हवा असेल तर रिंग हव्या त्या कोनात टेकू देऊन उभी करा, तिच्यावर ताणणारं कापड चढवा, कापडावर पॉलिस्टर रेझिनचा हात द्या, कडक झालं की आतून ३०० ग्रॅमची चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) दोन थर. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं द्रव्य, रेझिनच्या एक ते दोन टक्के: मे महिन्यात चाळिशीला पारा असताना एक टक्का, डिसेंबरात सकाळी काम करत असाल तर दोनच्या जवळ. एकाच्या खाली उतरलात तर कितीही दिवस ठेवा, चिकटच राहतं. थर्मोकोलच्या साच्यावर पॉलिस्टर रेझिन ओतू नका, विरघळतं.

कोबाल्ट (रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालतात तो) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, हार्डनर नंतर. दुकानदाराला विचारा, बऱ्याचदा रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच असतो. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, चष्मा लावल्याशिवाय बाटलीचं बूच काढू नका. उडालाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि दवाखाना गाठा. कापडी मास्क रेझिनच्या वाफेला थांबवत नाही, सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क हवा, आणि काम गच्चीवर.

समोरच्या काचेच्या खांबावर पॉड बसवण्याआधी त्यावर "एअरबॅग" लिहिलंय का बघा. असेल तर तो खांब सोडा. पडदा एअरबॅग तिथून उघडते, तिच्या वाटेतला पॉड सुटून अंगावर येतो. बाजूच्या आरशामागची, दाराच्या आतली तिकोनी पट्टी बहुतेक गाड्यांत मोकळी सापडते. तयार पॉड दोन-तीन दिवस उन्हात ठेवा आणि नाक लावल्यावर रेझिनचा वास येईनासा झाला की मगच रेक्झिन चढवून गाडीत न्या.